परसातली आवळी

लासलगाव परिसरात जे पिकते ते बहुतेक सगळे लिलावासाठी पिकते. १९४७ साली स्थापन झालेली इथली बाजार समिती आज आशियातली कांद्याची सर्वांत मोठी बाजारपेठ म्हणून ओळखली जाते, आणि निफाड तालुक्यातल्या घराघराचे वर्ष तिच्या बोलीवर बेतलेले असते. उन्हाळ कांदा चाळीत किती दिवस ठेवायचा, द्राक्षाची गोडी छाटणी कोणत्या आठवड्यात धरायची, टोमॅटो पिंपळगावला न्यायचा की मळ्यातच सोडून द्यायचा, हे सगळे निर्णय भावाकडे पाहून होतात. त्यात गैर काही नाही, शेती हा धंदा आहे. पण धंद्याच्या या हिशेबात घराभोवतीची चार-सहा गुंठे जागासुद्धा ओढली गेली आहे. परसात आता ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असते, कांदाचाळ असते, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी असतात. खायचे झाड क्वचितच असते. या जागेत प्रत्येक घराने आवळीची दोन कलमे लावावीत, दोन वेगवेगळ्या जातींची लावावीत, आणि त्यांचे फळ बाजारात न्यायचा विचारही करू नये, असे माझे म्हणणे आहे. आवळा बागेचे पीक म्हणून ज्या कारणांनी हरला, त्याच कारणांनी तो परसाला योग्य ठरतो.

आधी त्या हरण्याकडे पाहू. महाराष्ट्रात १९९० साली रोजगार हमी योजनेची सांगड फळबाग लागवडीशी घातली गेली. कोरडवाहू जमिनीत डाळिंब, बोर, सीताफळ, चिंच यांच्याबरोबर आवळ्यालाही अनुदान मिळाले. कागदावर आवळ्यासारखे पीक नव्हते. पाणी कमी, राखण कमी, फवारणी कमी, झाडाचे आयुष्य मोठे आणि वर औषधी गुणांची ख्याती. झाडे वाढली, फळांनी लगडलीही, आणि मग गिऱ्हाईक कुठे आहे असा प्रश्न पडला. केळी किंवा पेरू लोक डझनाने, किलोने घेतात आणि चार दिवसांत पुन्हा घ्यायला येतात. आवळा घर पावशेर घेते, आणि तोही एखाद्या वेळी. मोठा खरेदीदार म्हणजे औषधांचे आणि मोरावळ्याचे कारखाने, आणि त्यांच्या दाराशी उत्तर प्रदेशातल्या प्रतापगढ पट्ट्याचा माल आधीच उभा असतो. शिवाय सगळे फळ कार्तिक ते पौषाच्या मधल्या काळात एकदम तयार होते, म्हणजे भाव पडण्याची व्यवस्था निसर्गातच झालेली. निफाडसारख्या बागायती तालुक्यात द्राक्षाची किंवा कांद्याची जमीन आवळ्याला देणे परवडत नाही, हे शेतकऱ्याने फार लवकर ओळखले. त्याचा हा निष्कर्ष बरोबर होता. चूक पुढे झाली. बागेत परवडत नाही म्हणून हे झाड मनातूनच उतरले, आणि परसात ते काय देऊ शकते याचा हिशेब कोणी मांडलाच नाही.

तो हिशेब असा. दहा वर्षांच्या चांगल्या कलमी झाडाला क्विंटलभर फळ देणे अवघड नसते, मोठी झाडे त्याहून बरेच अधिक देतात. घराजवळ छाटून आटोक्यात ठेवलेल्या झाडाने त्याच्या निम्मे दिले तरी पन्नास किलो होतात. पाच माणसांच्या घराचे वर्षाचे लोणचे, मोरावळा, सुपारी, सरबत आणि हिवाळाभर जेवणातला ओला आवळा धरला तरी पंचवीस-तीस किलोंत भागते. उरलेला शेजारी, लेकीबाळींच्या घरी आणि शाळेतल्या पोरांच्या खिशात जाईल. बागेत मात्र हाच आवळा उरला की काढणीची मजुरीही सुटत नाही. लासलगावात हे विशेष लागू पडते, कारण काढणीचा प्रश्न इथे मजुरांच्या टंचाईचा आहे. नोव्हेंबर-डिसेंबरात लाल कांद्याची काढणी आणि उन्हाळ कांद्याची लागण एकमेकींवर येतात, द्राक्षबागेची कामेही तेव्हाच चालू असतात. त्या दिवसांत आवळ्याच्या बागेला माणसे कुठून आणणार? परसातल्या दोन झाडांना मजूर लागत नाही. आवळा पिकून मऊ पडत नाही, झाडावर बरेच दिवस टिकतो, त्यामुळे लागेल तसा रोज वाटीभर काढता येतो.

हवामानाची गोष्ट तर अधिक विलक्षण आहे, आणि माझ्या मते आवळीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा तोच आहे. फाल्गुनाच्या सुमारास आवळी आपल्या बारीक डहाळ्या पानांसकट गाळते. चैत्रात नव्या डहाळ्या फुटतात आणि त्यांच्या बुडाशी हिरवट-पिवळी, बारीक, पटकन डोळ्यांत न भरणारी फुले लागतात. फळधारणा तेव्हाच होते. मात्र फळ वाढत नाही. फलित झालेले बीजांड सगळा उन्हाळा निद्रिस्त राहते. एप्रिल आणि मे महिन्यांत झाडाकडे पाहणाऱ्याला वाटते की यंदा काही लागलेले नाही, पण फळे लागलेलीच असतात, मोहरीहून मोठी नसलेली. पावसाळा सुरू झाला की ती जागी होतात, श्रावण-भाद्रपदात भराभर वाढतात आणि दिवाळीच्या पुढेमागे हाताशी येतात. आंबा भर उन्हाळ्यात फळ पोसतो, लिंबाला उन्हाळी बहारासाठी पाणी द्यावे लागते. आवळी मात्र ज्या महिन्यांत पाणी नसते त्या महिन्यांत मागतच नाही. नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यावर चालणाऱ्या लासलगावसह सोळा गावांच्या पाणीपुरवठा योजनेवर जी गावे अवलंबून आहेत, त्यांना उन्हाळ्यात नळाला पाणी कधी येणार याची वाट पाहण्याचा अनुभव नवा नाही. अशा गावात परसातल्या झाडाने वैशाखात पाणी मागू नये, हा गुण किती मोलाचा आहे हे वेगळे सांगायला नको. पहिली तीन-चार वर्षे रोप जगवायला आठवड्याला एखाद-दुसरी घागर द्यावी लागते. पुढे पावसाने दगा दिला तर भाद्रपद-आश्विनात, फळ भरत असताना, पाणी द्यावे, एवढेच.

याच फुलोऱ्यात दुसरी गोष्ट दडलेली आहे, आणि ती माहीत नसल्यामुळे कितीतरी आवळ्यांवर कुऱ्हाड पडली आहे. आवळीच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुले वेगवेगळी येतात. नर फुले अतोनात, मादी फुले मोजकी. परंतु झाडाला स्वतःचा पराग फारसा चालत नाही. त्याला दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग लागतो, तो वाऱ्याने किंवा माश्यांनी आणून द्यावा लागतो. एकटी आवळी वर्षानुवर्षे फुलते आणि चार-दोन फळांवर थांबते. घरातले लोक तिला वांझ म्हणतात, खत घालतात, बुंध्याला चिरा देतात, शेवटी तोडून टाकतात. दोष झाडाचा नसतो. त्याला सोबत नसते. एकाच जातीची दोन कलमे लावली तरीही हा प्रश्न सुटत नाही, कारण कलमाने वाढवलेली एका जातीची सगळी झाडे मुळात एकाच झाडाचे तुकडे असतात. म्हणून जाती दोन हव्यात. ज्यांच्याकडे एकाच झाडापुरती जागा आहे त्यांनी शेजाऱ्याशी बोलून घ्यावे. एकाने एक जात लावावी, दुसऱ्याने दुसरी, मधल्या भिंतीने परागाचे काही अडत नाही.

जातींच्या बाबतीत या तालुक्याने तरी हयगय करू नये. निफाडच्या संशोधन केंद्राने एन-५३ आणि एन-२-४-१ हे कांद्याचे वाण दिले, पिंपळगाव बसवंतने बसवंत-७८० दिला, आणि कोणत्या हंगामाला कोणता वाण याची चर्चा इथे पारावर होते. तोच शेतकरी आवळ्याचे रोप आणताना मात्र नुसता आवळा मागतो आणि मिळेल ते घेऊन येतो. बियांपासून वाढवलेल्या रोपाला फळ धरायला सात-आठ वर्षे लागतात, आणि फळ कसे निघेल याची खात्री नसते. कलमाला तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दिसू लागते. उत्तर प्रदेशात कुमारगंजच्या नरेंद्र देव कृषी विद्यापीठाने जुन्या बनारसी, चकैया आणि फ्रान्सिस या जातींच्या रोपांतून निवड करून ज्या जाती दिल्या, त्यांतली एनए-७ मादी फुलांच्या संख्येमुळे भरपूर आणि लवकर धरते. तिच्या जोडीला कृष्णा किंवा कांचन चालते. कांचनचे फळ लहान पण झाड भरवशाचे, कृष्णाचे फळ लवकर तयार होणारे आणि मुरंब्याला देखणे. जुनी बनारसी फळाने मोठी, पण धरायला कंजूष. फ्रान्सिसचे फळ आतून काळे पडते. बोरॉनच्या कमतरतेशी त्याचा संबंध आहे, म्हणून घरासाठी ती टाळलेली बरी. रोपवाटिकेत कलमाची पट्टी तपासून घ्यावी आणि पुढे कलमाच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा काढत राहावे. नाहीतर खालची रायवळ आवळी वरच्या जातीला खाऊन टाकते आणि दहा वर्षांनी आपण नेमके काय वाढवले याचा उलगडा होतो.

जमिनीबद्दल एक आक्षेप खरा आहे. लासलगाव-विंचूरकडची काळी माती खोल आणि चिकट आहे, आणि आवळीला पाय ओले ठेवून उभे राहणे मानवत नाही. पावसाचे पाणी साचणाऱ्या जागी ती कुजत जाते. याला उपाय आहे. मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा, तळाला मुरूम आणि दगडगोटे, वर पोयटा आणि शेणखत, आणि रोप भोवतालच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच वरंब्यावर बसवावे. क्षाराचे मात्र तिला फारसे भय नाही. कुमारगंजचे विद्यापीठच उसर, म्हणजे आपल्याकडे ज्याला चोपण म्हणतात, तशा जमिनीच्या पट्ट्यात आहे, आणि जिथे दुसरी फळझाडे तग धरत नाहीत तिथे आवळा उभा राहतो हे तिथे पुन्हा पुन्हा दिसून आले. बोअरचे मचूळ पाणी किंवा न्हाणीचे पाणी ज्या परसात जिरते, तिथे हा गुण उपयोगी पडतो, फक्त ते पाणी बुंध्याशी तुंबू देऊ नये.

थंडीचा आक्षेप निफाडबाहेरच्या माणसाला सुचणार नाही, पण इथल्या माणसाला सुचेल. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या राज्यभर छापून येतात, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात. मोठ्या आवळीला अशा चार रात्रींनी काही होत नाही. कोवळ्या रोपाची पालवी मात्र करपते. म्हणून पहिले दोन हिवाळे रोपाभोवती तुराट्यांचा किंवा बारदानाचा आडोसा करावा आणि थंडीची लाट येणार असे कळले की संध्याकाळी पाणी द्यावे. जे हात द्राक्षाच्या घडांना कागद गुंडाळतात त्यांना हे काम नवे नाही. आवळीचे लाकूड ठिसूळ असते, आणि फळांच्या ओझ्याने फांदी अचानक फाटते, ही त्याहून गंभीर अडचण आहे. पहिल्या तीन वर्षांत कमरेच्या उंचीवर चार-पाच फांद्या चारी दिशांना, रुंद कोनात राखाव्यात आणि मधला शेंडा खुडावा. मग झाड छपरावर जात नाही, वीजवाहिनीत अडकत नाही आणि फळही शिडीशिवाय हाती लागते. कीड म्हणाल तर सालीवर जाळी करणारी अळी आणि शेंड्यावर गाठ आणणारी अळी या दोघींवर लक्ष ठेवावे. जाळी खरवडून भोकात तार फिरवणे आणि गाठ आलेला शेंडा कापून जाळणे घरच्या झाडाला पुरते. ज्या गावात द्राक्षावर हंगामभर फवारणी चालते, तिथे निदान घरात खायच्या एका फळावर औषध न मारणे शक्य आहे, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

आता आवळ्याच्या गुणांबद्दल. इथे स्तुती करणाऱ्यांनीच आवळ्याचे नुकसान केले आहे. शंभर ग्रॅम आवळ्यात सहाशे मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, हा आकडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यातून आला आणि पिढ्यान्पिढ्या पाठ झाला. त्याच संस्थेने २०१७ साली नव्या पद्धतीने मोजून जे तक्ते काढले, त्यात हा आकडा सुमारे अडीचशेवर आला. काहींना यात आवळ्याची मानहानी वाटेल. मला वाटत नाही. २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरते. मध्यम आवळ्याचा बी वगळून तीस-पस्तीस ग्रॅम गर धरला, तर एका ओल्या आवळ्यात पाऊणशे ते नव्वद मिलिग्रॅम मिळते. म्हणजे दिवसाची गरज एका फळात भागते. याहून मोठा दावा करायची गरजच नाही. शिजवला तरी आवळ्यातले काहीच जात नाही, हेही अर्धेच खरे आहे. आंबटपणामुळे ऱ्हास मंदावतो, पण उष्णता आणि हवा आपले काम करतातच, आणि उन्हात वाळवलेल्या आवळकाठीत ओल्या फळाइतके जीवनसत्त्व उरत नाही. मोरावळा चवीसाठी खावा. पोषणासाठी मार्गशीर्ष-पौषात रोजच्या जेवणात ओला आवळा असावा, किसून, मिठाच्या पाण्यात मुरवून किंवा हिरव्या मिरचीबरोबर ठेचून. हे जेवणातच का, यालाही कारण आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालची ६९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. आपल्या बाजरीत, मटकीत, पालेभाजीत लोह असते, पण वनस्पतीतले लोह शरीर सहज घेत नाही. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व असेल तर ते अधिक प्रमाणात शोषले जाते. लोहाच्या गोळीची किंवा डॉक्टरांची जागा आवळा घेणार नाही. पण भाकरीतल्या लोहाचा लाभ वाढवण्याचा याहून स्वस्त मार्ग मला दिसत नाही.

स्वस्त म्हटले की लगेच विचारले जाईल, बाजारात आवळा स्वस्तच मिळतो, मग झाड कशाला? कारण स्वस्त असूनही तो घरात येत नाही. बाजारातून आणायची वस्तू आठवावी लागते, आणि आवळा आठवला तर एकदाच, लोणचे घालायच्या दिवशी, आठवतो. दारातले फळ येता-जाता तोडले जाते. पोषणाचा प्रश्न सवयीचा असेल, तर झाड दारात असणे हाच त्यावरचा इलाज आहे. दुसरा आक्षेप अधिक विचारात घेण्यासारखा आहे. सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर या भागांतली आदिवासी कुटुंबे रानातला आवळा गोळा करून विकतात. गावोगाव परसात आवळ्या आल्या तर त्यांच्या पोटावर पाय येईल काय? रानआवळा लहान, दोरेदार आणि तुरट असतो. त्याची खरी मागणी वाळवलेल्या आवळकाठीला, त्रिफळ्याला आणि औषधांना आहे, परसातला ओला आवळा त्या व्यवहारात शिरत नाही. रानातल्या आवळीला खरा धोका फळासाठी फांद्याच तोडून नेण्याच्या घाईचा आहे, आणि ती घाई मागणी वाढली की वाढते. त्यामुळे आवळकाठी आणि त्रिफळा गोळा करणाऱ्यांकडून, योग्य भाव देऊन घ्यावा, आणि ओला आवळा घरी पिकवावा.

ज्यांना परदेशी हौस आहे त्यांच्यासाठी थोडेसे. आवळ्याला इंग्रजीत गूजबेरी म्हणतात, पण त्या नावाचे युरोपातले काटेरी झुडूप वेगळेच आहे. यॉर्कशरमधल्या एग्टन ब्रिज या खेड्यात त्या फळाच्या वजनाची स्पर्धा १८०० सालापासून भरते, आणि ती फळे माणसांच्या घरच्या बागांतली असतात, ही गोष्ट मला आवडते. पण त्या झुडपाला फुलण्यासाठी दीर्घ कडाक्याची थंडी लागते, निफाडच्या चार गारठलेल्या पहाटा त्याला पुरणार नाहीत. कागदी आवरणातली टिपारी, म्हणजे रसभरी, हिवाळ्यात कुंडीतसुद्धा येते, ती जरूर लावावी. अगदी लहान अंगणात रायआवळा शोभतो, आणि त्याचे एकटे झाडही लगडते. मात्र पोषणात यांतले कोणी आवळ्याच्या जवळपासही येत नाही.

८ डिसेंबर २०२३ पासून केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली आणि लासलगावात लिलाव ठप्प झाले. दिल्लीतल्या एका आदेशाने सगळ्या तालुक्याचा हिवाळा बदलतो, हे इथल्या माणसाने पुन्हा एकदा पाहिले. दोन आवळ्या त्यावर उपाय नाहीत, कर्ज त्यांनी फिटणार नाही. पण घराच्या ताटातले काही तरी असे असावे की ज्याचा भाव कोणी ठरवत नाही, ही अपेक्षा मला रास्त वाटते. याच लासलगावात २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राने कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून ‘कृषक’ हे विकिरण केंद्र उभारले, आणि २००७ साली तिथून प्रक्रिया झालेला आंबा अमेरिकेला गेला. आवळ्याला असे केंद्र लागत नाही, तो टिकवायला मीठ, साखर आणि ऊन एवढेच लागते, आणि ते ज्ञान इथल्या बायकांकडे पिढ्यान्पिढ्या आहे. ते हाती देण्यासाठी पुढच्या पिढीसमोर फळ मात्र हवे.

दिवाळीनंतर आवळी भोजनाचे दिवस येतात. दिवाळीच्या पाडव्यानंतर आठ दिवसांनी कार्तिक शुद्ध नवमी येते, आणि तिथपासून पौर्णिमेपर्यंत आवळीखाली पंगत बसवायची आपली रीत आहे. आज त्यासाठी झाड शोधत फिरावे लागते. म्हणून यंदा त्या जेवणाला जाल तेव्हा झाडाची उंची आणि घेर नजरेने मोजून घ्या आणि घरी परतल्यावर परसात पंधरा-वीस फुटांच्या अंतराने दोन जागा ठरवा. खड्डे एप्रिलमध्ये खणून उन्हात तापू द्या. कलमे मृगाचा पाऊस चांगला झाल्यावर आणा, एक एनए-७ आणि एक कृष्णा किंवा कांचन, आणि पावती करताना दोन्ही जातींची नावे रोपवाटिकेकडून लिहून घ्या.